डब्याला बांधलेला दिवस

रागावलेली माणसं आपण रोज पाहतो; पण ज्याचा राग हातात घेऊन, उन्हात नेऊन, उलटसुलट करून पाहता येतो असा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे पेडगावच्या पुढच्या वस्तीवरचे टकळीवाले मामा. ते माझे नात्यानं कुणी नाहीत. सगळ्या वस्तीचेच ते मामा, त्यामुळे माझेही. मी जनावरांच्या दवाखान्यातला नोकरदार. मेंढ्यांना लसी टोचत आणि बैलांच्या जिभा तपासत सात वर्षं या भागात हिंडलो. हुद्द्यानं मी डॉक्टर नाही, हे पहिल्या वर्षी मी गावोगाव समजावून सांगत असे; दुसऱ्या वर्षापासून सोडून दिलं. मामांनी तर पहिल्याच भेटीत मला 'डागदर' करून टाकलं होतं, आणि मामांनी एकदा केलेली नेमणूक रद्द होत नाही.

उंच, शिडशिडीत अंग, डोक्याला पांढरा पटका, पायांत टायरच्या वहाणा, डाव्या मनगटाभोवती पिंजलेल्या काळ्या लोकरीचा पेळू गुंडाळलेला आणि उजव्या हाताखाली भिरभिरणारी टकळी. टकळी म्हणजे काही मोठं यंत्र नाही. वीतभर काडी आणि खाली वजनाला चकती. चिमटीनं गिरकी देऊन सोडली की ती लोंबकळत गरगरते, वरच्या लोकरीला पीळ बसतो आणि धागा होतो. मामा ऐंशी मेंढरांमागं दिवसभर चालत आणि चालता चालता कातत. इथवर नवल काही नाही, जुने मेंढपाळ कातायचेच. पण मामा मेंढरं नसतानाही कातत. ग्रामसभेत कातत, रेशनच्या रांगेत कातत, पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना उजव्या हातानं कातून त्यांनी डाव्या हातानं अक्षता टाकल्या. एकदा आम्ही दोघं एसटीनं गंगाखेडला निघालो होतो. खिडकीशी बसून मामांनी टकळी सोडली आणि गाडीनं गचका खाल्ल्याबरोबर धागा पुढच्या बाकावरच्या बाईंच्या अंबाड्यात जाऊन बसला. तो सोडवताना अर्धी गाडी मदतीला आली. कंडक्टर म्हणाला, "मामा, हे सामान खाली ठेवा." मामा शांतपणे म्हणाले, "सामान न्हाई हे. ह्यो मीच हाय." कंडक्टरही तयारीचा होता. "मग दोन तिकिटं काढा," म्हणाला.

'ह्यो मीच हाय' हे मामांनी विनोदानं म्हटलं नव्हतं. त्यांची तशी पक्की समजूत होती. त्यांचं म्हणणं असं, की माणसाचं तोंड लहानपणापासून खोटं बोलायला शिकलेलं असतं, बोटांना मात्र ते अजून जमलेलं नाही. राग आला की धाग्याला पीळ जास्त बसतो आणि तो सोडला तर स्वतःभोवतीच वेटोळं घालतो. मन निवांत असलं की धागा जरा जाड, मऊ आणि एकसारखा येतो. भीती वाटली की बारीक होतो. म्हणून कुणाशी महत्त्वाचं बोलणं चाललेलं असलं की मामा समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता टकळीकडे पाहत. एकदा बाहेरगावचा एक माणूस त्यांचा मेंढा विकत घ्यायला आला. अर्धा तास बिचारा गोड गोड बोलला. मामा शेवटी म्हणाले, "जमत न्हाई." "कामून, मामा?" "तुमी बोलायला लागल्यापसून धागा बारीक-जाड, बारीक-जाड यायलाय." तो माणूस चिडून निघून गेला. आता तो माणूस पुढं मोठा लबाड निघाला असं मला इथं लिहिता आलं असतं, तर मामांची आणि माझीही शोभा वाढली असती. पण तो अगदी सरळ माणूस होता. शेजारच्या वस्तीवरून त्यानं योग्य दामात मेंढा नेला आणि वर त्या वस्तीला पेढे पाठवले. हे मी मुद्दाम मामांना जाऊन सांगितलं. मामा म्हणाले, "मंग खोटा मीच आसंन. मला मेंढा इकायचाच न्हवता, आन 'इकायचाय, इकायचाय' म्हनून बसल्तो." टकळी चुकली असं काही त्यांनी कबूल केलं नाही. पण स्वतः खोटे ठरायला ते एका क्षणात तयार झाले, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढं जरा जपून हुशारी करू लागलो.

तरी एकदा मला राहवलं नाही. कातलेल्या धाग्याचा एक गुंडा उचलून मी म्हटलं, "मामा, डोळे मिटा आणि वाचा." मामा बाभळीखाली बसले, डोळे मिटले आणि अंगठ्याखालून धागा सोडू लागले. "हितं रान वलं व्हतं, पाय घसरायलते. हितं म्हातारी मेंढी मागं ऱ्हायली. हितं काय न्हाई, निस्तं चाललो. हितं... हितं तुमी आल्ते सुया घिऊन." मी म्हटलं, "कशावरून?" "हितून चार हात धागा बगा. दातात धरल्यावानी हाय." मी बोट फिरवून पाहिलं. धागा खरोखरच तारेसारखा ताठ होता. मला तो दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी लस टोचून झाल्यावर मामांनी मला हसत हसत दोन वेळा चहा पाजला होता आणि 'डागदर, लय उपकार झाले' असं म्हटलं होतं. त्या चहाखाली एवढा राग होता हे मला चार महिन्यांनी, एका बाभळीखाली कळलं. मेंढरांना सुई टोचलेली त्यांना सहन होत नसे आणि लस लागते हेही समजत असे. या दोहोंमध्ये ते बिचारे चार हात पिळून निघाले होते.

दर वर्षी मामा आपल्या धाग्याची एक घोंगडी विणून घेत. विणणारा गंगाखेडकडचा एक अबोल माणूस होता. त्याच्याकडे मामा गुंडे असे टाकत नसत. कातलेल्या क्रमानं दोरीत ओवून, गाठोडं बांधून नेत आणि 'पुढचं मागं, मागचं पुढं करू नका' असं बजावत. उभा धागा मामींच्या चरख्यावरचा आणि आडवा धागा मामांच्या टकळीवरचा, असा नियम होता. त्यामुळे घोंगडी पायाकडून डोक्याकडे वाचत गेलं की मामांचं सबंध वर्ष वाचता येई. चिंचोक्यांच्या खळीचा वास असलेल्या अशा चाळीसेक घोंगड्या मोठ्या लोखंडी पेटीत घडी घालून ठेवलेल्या होत्या. वस्तीवर बोअर कोणत्या साली घेतली, म्हैस कधी व्याली असा वाद निघाला की पेटी उघडली जाई. मामांनी तर एकदा कुठल्याशा योजनेसाठी वयाचा पुरावा मागितला म्हणून थेट घोंगडीच तलाठ्याच्या टेबलावर नेऊन पसरली. "ही माज्या लग्नाच्या सालची. हितून मोजा." तलाठी भला माणूस होता. त्यानं घोंगडी हातानं चाचपून पाहिली, चांगली आहे म्हणाला आणि विचारलं, "पण मामा, शिक्का मारू कुठं?" मामा म्हणाले, "काठाला मारा. मधी नगं, मधी आमची म्हातारी रुसल्याली हाय."

ही रुसलेली म्हातारी, म्हणजे मामी, ठेंगणी, गोल आणि फार बोलकी होती. मामांच्या धाग्याच्या शास्त्रावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. धागा बारीक आला तर लोकर खराब असेल, जाड आला तर पेळू नीट झाला नसेल, एवढंच तिचं शास्त्र. "डागदर, देवानं मानसाला त्वांड दिलंय," ती मला म्हणायची, "ह्यांनी ते टकळीला दिऊन टाकलंय. चाळीस वर्सं झाली, भाजीत मीठ कमी हाय का जास्त, ते मला अजून घोंगडीत बघावं लागतंय." हे खरंच होतं. मामा मुके नव्हते. पावसावर, मेंढरांवर, सरकारवर ते भरपूर बोलत. पण मनातलं म्हणून जे असतं ते त्यांच्या तोंडातून बाहेर पडताना मी कधी पाहिलं नाही. एकुलत्या एका लेकीचा फोन आला की मामी अर्धा तास बोलून फोन त्यांच्या कानाला लावी. मामा म्हणत, "हां... हां... ठिवू?" आणि फोन परत मामीकडे. ती लेक नंतर मामीला म्हणे, "आबा एकदा 'बरी हायस का' असं तरी इचारतेत का बघ." मामी ते मोठ्यानं मामांना ऐकवी. मामा टकळीला आणखी एक गिरकी देत.

या लेकीवरूनच पुढचं सगळं घडलं. लहानपणी ती मामांच्या मागं मागं माळावर हिंडायची आणि टकळीवरचा धागा गुंड्यावर गुंडाळायची. पुढं शिकली, शिवणकामाचा कोर्स केला, आणि चुडाव्याजवळच्या एका शेतकरी घरात तिचं लग्न ठरलं. लग्न वस्तीवरच झालं; मीही जेवायला होतो. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, मुलीला वाटं लावायची वेळ आली आणि मामा गायब. सगळी वस्ती शोधली. कुणीतरी सांगितलं, मेंढरं घेऊन माळाकडे गेलेत. लेकीनं गाडी तास-दीड तास थांबवून धरली. गावातली सगळी माणसं रडून मोकळी झाली, बँडवाल्याचे डोळे ओले झाले, पण बाप काही आला नाही. शेवटी ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि गाडी गेली. मामा मावळतीला मेंढरं घेऊन परतले आणि मांडवातला पाट उचलून घरात ठेवला.

लेकीनं ते मनाला लावून घेतलं. नागपंचमीला माहेराहून न्यायला माणूस येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. लेकीला सख्खा भाऊ नाही, म्हणून मामांनी पुतण्याला मुराळी धाडलं. तो दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. तिनं त्याला पुरणपोळी खाऊ घातली आणि निरोप दिला: "मला वाटं लावायला आबा आले न्हाईत. न्यायला तरी त्यांनीच यावं. ते येतील तवा मी येईन." त्या वर्षी मामांच्या लिंबाला बांधलेल्या झोक्यावर शेजारच्या पोरी बसल्या. मी मामांना म्हटलं, "अहो, जा ना घेऊन या. तासा-दोन तासांची रेल्वे." मामा म्हणाले, "जाऊन काय बोलू?" थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "घोंगडी व्हायलीय तिच्यासाटी. लग्नाच्या सालची. ती लेकीला धाडतो. त्यात सगळं हाय, डागदर. तिला हात लावला की कळंल." पेटीतल्या घोंगड्यांपैकी एकही त्यांनी आजवर कुणाला दिली नव्हती. थंडीच्या तोंडावर घोंगडी विणून आली, मामा मेंढरांमागं असतानाच मामीनं ती परस्पर पुतण्याच्या हाती चुडाव्याला पाठवली, आणि मामा वाट पाहू लागले.

ते वाट पाहणं मला बघवत नसे. फोन आला की मामा जवळ येऊन उभे राहत. लेक आईला म्हणे, घोंगडी झ्याक हाय, लय मऊ हाय, सासूबाईंनी सगळ्या गल्लीला दाखवली. बस्स. संक्रांत गेली, पाडवा गेला. एकदा मामा मला म्हणाले, "तिनं वाचली आसंल, न्हाई का?" मी म्हटलं, "वाचली असणार." ते म्हणाले, "मंग वाचूनबी तिचा राग गेला न्हाई." हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मी उगाचच एका मेंढीचे खूर तपासायला लागलो.

आणि आता मला माझ्या लसीच्या डब्याकडे वळायला हवं. लस गार ठेवायचा तो निळा डबा. त्याची कडी त्याच हिवाळ्यात तुटली होती. नव्या डब्याची मागणी मी रीतसर वर पाठवली होती, ती अजूनही रीतसर वरच आहे. एका लसीकरणाच्या दिवशी झाकण उडालेलं पाहून मामी घरात गेली आणि मूठभर आकाराचा काळ्या धाग्याचा गुंडा आणून माझ्या हातात दिला. "ह्यो घ्या, बांधा. टाकाऊ हाय." तेव्हापासून मी तो धागा डब्याभोवती गुंडाळून गावोगाव हिंडत होतो, गरजेपुरता डब्यावर, उरलेला पिशवीत. दुसऱ्या वर्षीच्या आषाढात, पंचमी पंधरा दिवसांवर आलेली असताना, मी मामांच्या वस्तीवर लस टोचायला गेलो. मामा डबा धरायला पुढं आले, त्यांचा अंगठा धाग्यावर पडला आणि टकळी थांबली. मामांची टकळी हातात असताना थांबलेली मी प्रथमच पाहत होतो.

"ह्यो तुमच्याकडं कुठून आला?" मी म्हटलं, "मामींनी दिला. का हो?" मामांनी डोळे मिटून धागा दोन-तीन हात सोडला. तो जाड-बारीक होता, कुठं वेटोळी पडली होती, आणि मधूनमधून चक्क गाठी होत्या. त्यांनी मामीला हाक मारली. मामी बाहेर आली आणि गुंडा पाहून पदराला हात पुसू लागली. मग तिनं सांगितलं. गंगाखेडला पाठवण्याआधी तिनं गुंडे हाताखालून घातले होते, तेव्हा हा सापडला. "धागा तुटला तर तुमी लोकर लोकरीत मिसळून जोडताव, सांदा डोळ्याला दिसत न्हाई. चाळीस वर्सांत तुमच्या धाग्याला म्या गाठ बघितली न्हवती. वाटलं, आता ह्यांचे डोळे गेले. तुमाला कळलं तर जिवाला लागंल, म्हनून बोलले न्हाई. आन पोरीच्या सासरी गाठाळ घोंगडी कशी धाडू? लोक काय म्हनतील? ह्यो काडला आन त्याच्या जागी माज्या चरख्यावरचा चांगला गुंडा ओवला." एवढं बोलून ती म्हणाली, "काय चुकलं का माजं?"

मामांनी गुंडा पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "न्हाई. चुकलं न्हाई. निस्तं तिच्याकडं जे गेलं त्यात त्यो दिवसच न्हाई." मला सगळा उलगडा झाला. ज्या दिवसासाठी मामांनी घोंगडी धाडली होती, तो लेकीच्या पाठवणीचा दिवस मी आठ महिने लसीच्या डब्याला बांधून मोटरसायकलवर फिरवत होतो. त्यात आणखी एक पाप होतं, तेही मी कबूल करून टाकलं. दीड हात धागा तोडून मी एका करडाच्या मोडक्या पायाला बांधला होता. मामांनी सुरुवातीचं टोक तपासलं आणि म्हणाले, "जाऊंद्या. तवा अजून जेवनं चालल्ती." नंतर ते घरात गेले आणि धुतलेला पटका बांधून आले. "डागदर, चुडाव्याला सकाळची गाडी कवा हाय?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दोघं मुराळी पेडगावहून पॅसेंजरमध्ये बसलो. डब्याला मी सायकलची ट्यूब बांधून ठेवली होती. गुंडा मामांच्या छातीशी, बंडीच्या खिशात होता. परभणी गेलं, पूर्णा गेलं. मामांची टकळी अशी फिरत होती की समोरचं एक तान्हं मूल तिच्याकडे पाहता पाहता झोपी गेलं. लेकीच्या घरी पोचलो तेव्हा ती ओसरीवर शिवणयंत्रावर बसली होती. बापाला पाहून उठली, पाणी दिलं, पाया पडली, सगळं रीतीप्रमाणे केलं आणि पुन्हा यंत्रावर जाऊन बसली. मामांनी खिशातून गुंडा काढून तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "ही कसली टाकाऊ लोकर, आबा? आईनं धाडली का?" पण बोलता बोलता तिनं धागा बोटांत घेतला होता आणि तिचं बोट पहिल्या गाठीवर थांबलं. तिनं वर पाहिलं. "तुमच्या धाग्याला गाठ? आबा, डोळे दाखवले का कुणाला?"

"डोळ्याला काय धाड भरलीय," मामा करवादले. "तुजी माय बी तेच म्हनली. वाच की. लग्नाचा दिवस हाय तुज्या."

लेकीनं धागा थोडा सोडून पाहिला, अजून थोडा सोडला. मग मान हलवली. "मला न्हाई वाचता येत, आबा. कवाच येत न्हवतं. लहानपणी निस्तं गुंडाळत व्हते मी, तुमाला वाटायचं मला येतंय. तुमी सांगा." मामांचा हात आपोआप टकळीकडे गेला. ती उठली, त्यांच्या हातातून टकळी काढून घेतली, मनगटावरचा पेळू सोडवला आणि दोन्ही नेऊन कोनाड्यात ठेवलं. "तोंडानं सांगा."

मामा माझ्याकडे पाहू लागले. मी छपराकडे पाहू लागलो. शेवटी त्यांनी गुंडा हातात घेतला आणि पहिल्या गाठीवर अंगठा ठेवला.

"ही पयली. तुजी गाडी मांडवाम्होरं लागली तवाची. धागा तोडला, टकळी खाली ठिवली आन निगालो घराकडं. बांधापस्तोर आल्तो."

"मंग?"

"माघारी गेलो. पुन्हा कातायला बसलो. हात ठरायलते न्हाई, सांदा जमंना. गाठ मारली."

"आन ही?"

"पुन्हा निगालो."

"कामून आला न्हाईत मंग?"

"लय लोक व्हते," मामा म्हणाले. "लोकांम्होरं रडू आलं आसतं."

सात गाठी होत्या. मामांनी सातही सांगितल्या. दर वेळी बांध, बाभळ, ओढा, कुठंतरी पोचून ते परत फिरले होते आणि दर वेळी आधीच्यापेक्षा जरा पुढं आले होते. सातव्या वेळी तर ते गोठ्यामागं उभे होते, मांडवातलं बोलणं ऐकू येत होतं. सातव्या गाठीपुढं वीतभर धागा होता आणि मग तो संपला होता.

"पुढं काय?" लेकीनं विचारलं.

"हारन वाजला. पुढं तू गेलीस."

 लेकीनं गुंडा पदरात घेतला, आत गेली आणि आतून तिच्या सासूबाईंचा आणि तिचा हळू आवाज येत राहिला. थोड्या वेळानं ती बाहेर आली ती हातात कपड्यांची पिशवी घेऊनच. पंचमीला अजून दोन आठवडे होते. "एवढ्या लवकर?" सासूबाई दारातून म्हणाल्या, पण हसून म्हणाल्या. "माजे मुराळी आलेत, आत्याबाई," ती म्हणाली. "हे पुन्हा येतील न येतील, काय भरवसा."

स्टेशनवर गाडीत बसल्यावर मामांच्या ध्यानात आलं की टकळी कोनाड्यातच राहिली. ते उठले तोवर गाडी हलली होती. मग त्या हातांचं करावं काय, हे त्यांना कळेना. एकदा पटका सोडून पुन्हा बांधला. एकदा माझं तिकीट मागून घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं. खिडकीची काच खाली केली, वर केली. पूर्णा गेलं. मिरखेल आलं तशी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि बाहेरच्या कापसाकडे पाहत, घसा खाकरून म्हणाले, "बरी हायस का?"

लेकीनं तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडंच पाहत म्हणाली, "हाव, आबा. बरी हाय." मग परभणी येईपर्यंत ती सासरचं काय काय सांगत राहिली आणि मामा 'हां, हां' म्हणत राहिले. 'ठिवू?' मात्र म्हणाले नाहीत.

आता माझी बदली गंगाखेड तालुक्यात झाली आहे. मामांची गाठ वर्षातून एखाददा पडते. टकळी दुसरी आहे, जुनी लेकीनं परत दिली नाही. न्यायची असेल तर दर पंचमीला या म्हणते, आणि मामा दर पंचमीला जातात आणि ती तिथंच विसरून येतात. त्या सात गाठींच्या धाग्याचं तिनं काही विणलं नाही, तसाच ठेवलाय. परवा एकदा मी माझ्या सात वर्षांच्या लसीकरणाच्या नोंदवह्या चाळून पाहिल्या. पानोपानी माझ्या सह्या, सगळ्या एकसारख्या. त्यातल्या कुठल्या दिवशी मी रागावलो होतो, कुठल्या दिवशी घरी तापानं फणफणलेली मुलगी सोडून आलो होतो, हे बोट फिरवून काही कळेना. मामांचा एकूण एक दिवस धाग्यात आहे, पेटीत नाहीतर लेकीकडे. फक्त त्या चुडाव्याच्या परतीच्या प्रवासाचा धागा कुठंच नाही, कारण तेव्हा त्यांचे हात रिकामे होते. तो एकच दिवस माझ्याकडे होता. मला कातता येत नाही, म्हणून तो इथं लिहून ठेवला.